एमेरिटाचा कुलवृत्तांत

किनाऱ्याच्या वाळूत राहणारा खेकडा म्हटला की कोकणपट्टीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जो प्राणी उभा राहतो, तो भरतीच्या रेषेवरील कोरड्या वाळूत खोल बिळे करून राहणारा, दांडीवरचे डोळे ताठ करून चहूबाजूंस टेहळणी करणारा आणि पावलाची चाहूल लागताच तिरका धावत बिळात नाहीसा होणारा खेकडा होय. त्याचे कसब मोठे असले तरी तो वाळूत राहतो म्हणण्यापेक्षा वाळूत घर बांधून राहतो असे म्हणणे अधिक यथार्थ आहे. परंतु त्याच किनाऱ्यावर थोडे खाली, जेथे फुटलेल्या लाटेचे पाणी वर चढते, क्षणभर थबकते आणि वाळूचा वरचा थर ओढीत माघारी जाते, अशा पट्ट्यात कोणतेही बीळ दोन लाटांच्या दरम्यान टिकण्याची सोय नाही. तेथे वस्ती करावयाची तर घराची आशा सोडून प्रत्येक लाटेगणिक उखडले जाणे आणि प्रत्येक लाटेगणिक पुन्हा रुजणे हेच जीवन म्हणून पत्करावे लागते. हे जीवन ज्यांनी सर्वांगाने पत्करले आणि त्यासाठी खेकड्याचे म्हणून जे जे समजले जाते ते बहुतेक सारे टाकून दिले, त्या प्राण्यांच्या एका प्रजातीचा हा परिचय आहे. तिचे शास्त्रीय नाव एमेरिटा.

प्रथमदर्शनी या प्राण्यास खेकडा म्हणावे की नाही याविषयीच शंका यावी. देह लांबट अंडाकृती, वरून घुमटासारखा वाटोळा, गुळगुळीत, राखी अथवा वाळूच्या रंगाचा. पूर्ण वाढलेली मादी अंगठ्याच्या पेराएवढी किंवा किंचित मोठी. नांग्या नाहीत. पसरलेले पाय नाहीत. हातात घेतला तर तो चावत नाही, बोट धरीत नाही. फक्त तळव्यावर मागच्या मागे रेटा देत बोटांच्या फटीत शिरू पाहतो. वाळूवर ठेवला तर चार पावले चालण्याचेही त्यास साधत नाही, कारण चालणे ही क्रियाच त्याच्या पायांतून निघून गेली आहे. पण तीच वाळू जरा ओली असली, की दोन-चार सेकंदांच्या आत तो शेपटीकडून आत शिरतो आणि पाहणाऱ्याच्या नजरेस वाळूवरील एक पुसट खळगा तेवढा उरतो.

प्राणिशास्त्राच्या व्यवस्थेत त्याची जागा संधिपाद संघात, कवचधारी प्राण्यांमध्ये, दशपाद गणात आहे. कोळंबी, शेवंड, कुर्ली व चिंबोरी हे आपल्या बाजारातील परिचित जीव याच गणाचे. मात्र या गणात खरे खेकडे ज्या शाखेत मोडतात ती ब्रॅकियूरा नावाची शाखा वेगळी आणि एमेरिटा ज्या शाखेत मोडते ती ॲनोम्यूरा नावाची शाखा वेगळी. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा संन्यासी खेकडा हा या दुसऱ्या शाखेचा सर्वपरिचित प्रतिनिधी. संन्यासी खेकड्याचे मऊ, वाकडे पोट आणि एमेरिटाचे काचेसारखे घट्ट, रेखीव कवच यांत सारखेपणा शोधू जाणाऱ्यास प्रथम काहीच सापडणार नाही. दाखला मिळतो तो पायांच्या शेवटच्या जोडीत. कुर्लीचे दहाही पाय मोजून दाखविता येतात. एमेरिटाचे पाय मोजू गेल्यास आठच भरतात, आणि उरलेले दोन कवचाच्या कडेखाली, कल्ल्यांच्या कोठडीत दुमडून ठेवलेले, सुतासारखे बारीक व टोकाशी अगदी चिमुकला चिमटा धारण करणारे असे भिंगातून दिसतात. वाळूच्या जगात राहणाऱ्या प्राण्याच्या कल्ल्यांवर कण साचणार हे उघड आहे, आणि ते कण झाडून कल्ले स्वच्छ ठेवणे हे या दडविलेल्या पायांचे काम. संन्यासी खेकड्याचा शेवटचा पायही असाच लहान व कल्ल्यांच्या सफाईचा. प्राण्यांची नाती त्यांच्या बाह्य आकारावरून ठरवू नयेत, कारण आकार हा बहुधा परिस्थितीने घडविलेला असतो. नाती ठरवावीत ती अशा आडबाजूच्या अवयवांवरून, ज्यांच्याकडे परिस्थितीचे फारसे लक्ष गेलेले नसते. एमेरिटाच्या बाबतीत हे तत्त्व फार लवकर कळले असते, तर पुढे सांगितलेला नावांचा घोळ कदाचित थोडा कमी झाला असता.

या घोळाची कैफियत अशी. लिनियसने 1767 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत या प्राण्याची नोंद कॅन्सर एमेरिटस अशी केली. त्या काळी खेकडा, शेवंड, कोळंबी असे सारेच जीव लिनियसने कॅन्सर या एकाच प्रजातीच्या खात्यावर मांडले होते, त्यामुळे या नावातून नात्याविषयी फारसे काही कळत नव्हते. दहा वर्षांनी, 1777 मध्ये, स्कोपोली या निसर्गशास्त्रज्ञाने एमेरिटा ही स्वतंत्र प्रजाती मानली. पुन्हा दहा वर्षांनी, 1787 मध्ये, लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने हिप्पा नावाची प्रजाती स्थापिली. आज आपण जिला हिप्पा म्हणतो ती एमेरिटाची जवळची बहीण होय. पण त्या वेळच्या अभ्यासकांपुढे दोन्हींचे थोडेच नमुने होते व तेही मद्यार्कात बुडवून दूरदेशाहून आलेले, पायांची टोके तुटलेले व रंग गेलेले. परिणामी एकोणिसाव्या शतकातील बहुतेक मोठ्या लेखकांनी हिप्पा हे नाव एमेरिटाच्या जातींना लावले, आणि खऱ्या हिप्पांसाठी लात्रेईयचे रेमिपेस हे तिसरे नाव वापरले. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील जातीचे वर्णन थॉमस से याने 1817 मध्ये केले ते हिप्पा टाल्पॉइडा या नावाने; भारताच्या बाजूच्या एका नमुन्याचे वर्णन आंरी मिल्न एडवर्ड्‌स याने 1837 मध्ये केले ते हिप्पा एशियाटिका म्हणून; आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील जातीचे वर्णन स्टिम्पसनने 1857 मध्ये केले तेही हिप्पा ॲनालोगा म्हणूनच. एवढेच नव्हे, तर 1877 मध्ये सिडनी स्मिथ याने या प्राण्याच्या डिंभावस्थांचे, म्हणजे अंड्यातून निघाल्यानंतरच्या बाल्यावस्थांचे, जे प्रारंभीचे मोलाचे वर्णन लिहिले त्याच्या शीर्षकातही हिप्पा हेच नाव आहे.

विसाव्या शतकात नामकरणाचे नियम कडक झाले, ज्याची नोंद आधीची त्याचा हक्क आधीचा हे तत्त्व सर्वमान्य झाले, आणि प्रत्येक प्रजातीचे नाव एका विवक्षित नमुनाजातीशी जखडले गेले. तेव्हा हे सारे दप्तर पुन्हा उलगडून पाहणे भाग पडले. फॅब्रिशियसच्या हिप्पाची नमुनाजाती पायांच्या ठेवणीवरून दुसऱ्या प्रजातीतली ठरली, म्हणून हिप्पा हे नाव तिकडे गेले. रेमिपेस रद्दबातल झाले. आणि स्कोपोलीचे एमेरिटा हे नाव शंभराहून अधिक वर्षांच्या उपेक्षेनंतर आपल्या मूळ धन्याकडे परत आले. आज जुना लेख वाचताना हिप्पा हा शब्द दिसला की वाचकाने प्रथम लेखाचा काळ पाहावा आणि मगच कोणत्या प्राण्याविषयी लिहिले आहे याचा निर्णय करावा. नामकरणाच्या खटल्यांना रूक्ष समजण्याची वहिवाट आहे. मला ती मान्य नाही. एखाद्या डिंभाच्या अन्नाविषयी अथवा एखाद्या जातीच्या अंड्यांविषयी शंभर वर्षांपूर्वी लिहिलेले वाक्य आज उपयोगी पडते की नाही, हे सर्वस्वी त्या वाक्यातील नाव नेमके कोणाचे, यावरच अवलंबून असते.

हिप्पिडी हे कुल आता तीन प्रजातींचे मानले जाते: एमेरिटा, हिप्पा आणि मॅस्टिगोकायरस. त्यांतील भेद पायांच्या पहिल्या जोडीवर उघड दिसतो. दशपाद गणातील इतर अनेक प्राण्यांत ज्या जोडीची नांगी बनते, ती जोडी येथे नांगीविरहित आहे. एमेरिटाच्या या पायाचे शेवटचे पेर चपटे व पानाच्या आकाराचे असते. हिप्पाचे लांब, निमुळते, सळईसारखे असते. आणि मॅस्टिगोकायरसचे तर असंख्य बारीक सांध्यांत विभागून चाबकासारखे लवचीक झालेले असते. दुसरा भेद शृंगिकांचा, म्हणजे डोक्यावरील स्पर्शिकांचा. एमेरिटाच्या दुसऱ्या शृंगिका लांब, पिसासारख्या केसाळ व गुंडाळून ठेवता येण्याजोग्या, हिप्पाच्या आखूड. या एका भेदामागे दोन्ही बहिणींच्या उपजीविकेतील सारा भेद आहे. हिप्पा ही लाटेने वाहून आणलेल्या मृत अथवा मरणोन्मुख प्राण्यांवर, निळ्या फुग्यासारख्या विषारी फायसेलियावरसुद्धा, निर्वाह करते. एमेरिटा पाणी गाळते. वरच्या पातळीवर याच मंडळींचे आणखी नातलग म्हणजे अल्ब्युनिडी कुल, ज्याच्या पहिल्या पायांस चिमट्यासारखी नांगी शिल्लक राहिली आहे, आणि ब्लेफॅरिपोडिडी हे कुल, जे 2002 मध्ये बॉयको या अभ्यासकाने अल्ब्युनिडीतून वेगळे काढले. ही तिन्ही कुळे वाळूत पुरून घेणाऱ्यांची. पण लाटेच्या प्रत्यक्ष फुटण्याच्या रेषेवर गाळणीचा धंदा मांडून बसली ती एकटी एमेरिटा.

तिच्या शरीररचनेकडे आता थोडे जवळून पाहू. खोलगट बशीत समुद्राचे पाणी व चार बोटे वाळू घेऊन एक जिवंत मादी तीत सोडली, तर प्रथम दिसते ती पुच्छाची हालचाल. उदराचे शेवटचे खंड, ज्यास पुच्छखंड म्हणतात, ते येथे लांब भाल्याच्या पात्याच्या आकाराचे असून देहाखाली पुढच्या बाजूस दुमडलेले असते, आणि त्याच्या मुळाशी दोन पुच्छपाद असतात. हे पुच्छपाद जोडीने झपाट्याने आघात करू लागतात. पाण्यात त्यांचा उपयोग वल्ह्यासारखा होतो व प्राणी तरंगत राहतो. वाळूला टेकताच तेच आघात मागची वाळू ढवळून सैल करतात. त्याच वेळी दुसऱ्या व तिसऱ्या जोडीचे पाय, ज्यांची शेवटची पेरे कोयत्यासारखी वाकलेली व कडांना दाट केस असलेली आहेत, देहाखालची वाळू उपसून पुढे फेकतात, आणि चौथी जोडी उलट्या दिशेने फिरत बाजूची वाळू घुसळते. ही तिन्ही कामे एकमेकांत न गुंतता, अचूक तालात चालतात, आणि देह पाठीकडून, तिरका, खाली सरकतो. इतर खेकड्यांत जे पाय चालण्यासाठी एकामागून एक उचलले जातात, त्यांचाच क्रम बदलून हे खोदकाम सिद्ध झाले असावे, अशा विचाराने मज्जासंस्थेच्या अभ्यासकांनी या प्राण्याचे स्नायू व मज्जातंतू फार बारकाईने तपासले आहेत.

प्राणी वाळूत बसला की वर काय उरते? अगदी थोडे. बारीक, लांब दांड्यांवरील मोहरीपेक्षा लहान डोळे, आणि त्यांच्या मधून वर आलेल्या पहिल्या शृंगिका, ज्यांस लघुशृंगिका म्हणतात. या लघुशृंगिका एकमेकींस लागून उभ्या राहतात, त्यांच्या कडांवरील केस एकमेकांत अडकतात आणि त्यांतून एक नळी तयार होते. तिच्यातून वरचे स्वच्छ पाणी कल्ल्यांच्या कोठडीत उतरते. केसांच्या चाळणीमुळे वाळूचे कण बाहेर राहतात. इतर खेकड्यांत श्वसनाचे पाणी पायांच्या मुळांजवळून आत शिरते व तोंडाजवळून बाहेर पडते. वाळूत पुरलेल्या प्राण्यास पायांजवळून वाळूच मिळणार, म्हणून येथे पाण्याची वाट वरून घेतलेली आहे. दशपाद प्राण्यांत इतरत्र गंधज्ञानाचे काम करणारा हा अवयव येथे श्वासनलिकेच्या कामी लागला, हे या देहातील फेरफारांपैकी एक फार सुंदर फेरफार होय.

गाळणीचा प्रपंच दुसऱ्या शृंगिकांचा. लाट वर चढते तेव्हा त्या दुमडून, चपट्या झालेल्या तिसऱ्या जंभपादांच्या झडपांखाली सुरक्षित ठेवलेल्या असतात. प्राण्याचे तोंड समुद्राकडे असते. लाटेचा जोर सरून पाणी परत फिरले, वाळूवरून पातळ थराने ते खाली धावू लागले, की दोन्ही शृंगिका झटक्यात उलगडतात व त्या पाण्यात पिसाऱ्यासारख्या उभ्या राहतात. प्रत्येक शृंगिकेच्या शेकडो पेरांवर रोमांच्या रांगा, त्या रोमांवर आणखी सूक्ष्म रोम, अशी दुहेरी-तिहेरी जाळी असते; तीत सूक्ष्म शैवाले, एकपेशीय जीव व सेंद्रिय कण अडकतात. पाणी ओसरून जाण्यापूर्वी शृंगिका आत ओढल्या जातात, आणि आमरसाने माखलेली बोटे मूल ओठांतून एकेक ओढून काढते तशी प्रत्येक शृंगिका मुखावयवांच्या केसाळ पकडीतून ओढून तिच्यावरचे अन्न काढून घेतले जाते. इयन एफर्ड याने 1966 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील एमेरिटा ॲनालोगावर केलेल्या अभ्यासामुळे या क्रियेचे टप्पे स्पष्ट झाले. चावण्याचा प्रश्न येथे उद्‌भवत नाही. म्हणून जंभ, म्हणजे खरे जबडे, क्षीण व मऊ राहिलेले आहेत. कीटकशरीरशास्त्राचा अधिकारी पंडित रॉबर्ट स्नॉडग्रास याने आपल्या उतारवयात, 1952 मध्ये, या प्राण्याच्या देहरचनेवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. साऱ्या संधिपादांच्या मुखावयवांचे तौलनिक ज्ञान ज्याने आयुष्यभर जमविले, अशा माणसास या लहानशा देहाने खिळवून ठेवावे यात नवल वाटण्याचे कारण नाही.

जो प्राणी दिवसरात्र पाणी गाळतो, त्याच्या देहात त्या पाण्याचा जमाखर्च उतरत जातो. 1971 मध्ये बर्नेट या संशोधकाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणचे एमेरिटा गोळा करून त्यांतील डीडीटीचे प्रमाण मोजले. शेतीचे पाणी समुद्रास मिळते त्या ठिकाणी ते सर्वाधिक असावे असा सामान्य समज. प्रत्यक्षात लॉस एंजेलिसच्या सांडपाण्याच्या मुखाजवळच्या खेकड्यांत ते शेतीच्या निचऱ्याजवळच्या खेकड्यांच्या चाळीसपटींहून अधिक निघाले, आणि विषाचा उगम शेतात नसून शहरात आहे हे निदर्शनास आले. पुढे विशिष्ट सूक्ष्म शैवालांपासून पाण्यात येणाऱ्या डोमोइक आम्ल या विषाची चाहूल घेण्यासाठीही याच प्राण्याची तपासणी उपयुक्त ठरली.

समुद्र स्थिर नसतो, भरती-ओहोटीबरोबर गाळणीस योग्य असा तो अरुंद पट्टा वर-खाली सरकत राहतो, आणि एमेरिटाही त्याच्याबरोबर सरकते. चालता न येणाऱ्या प्राण्यास हे स्थलांतर कसे साधते? चढती लाट वाळूवरून गेली की वाळूतील पाण्याचा दाब वाढून तिचा वरचा थर क्षणभर पातळ लगद्यासारखा होतो. ही वाळूची अवस्था ओळखून प्राणी एकदम वर निघतो, लाट नेईल तितका वर किंवा खाली जातो, आणि पाणी मंदावताच पुन्हा रुततो. शेकडो प्राणी एकाच क्षणी वर येतात व एकाच क्षणी अदृश्य होतात. ज्याने हे पाहिले नाही त्यास केवळ वर्णनावरून खरे वाटू नये असे ते दृश्य असते. किनाऱ्यावर चरणारे तुतवारांसारखे पक्षी लाटेच्या कडेकडेने मागेपुढे धावतात, त्यामागे पुष्कळदा हाच हिशेब असतो.

प्रजातीत आज दहा-बारा जाती मानल्या जातात. त्यांतील भेद सामान्य पाहणाऱ्यास जवळजवळ दिसत नाहीत. पहिल्या पायाच्या पानासारख्या पेराचे टोक बोथट की अणकुचीदार, कवचाच्या पुढच्या कडेवरील तीन दंतांची ठेवण कशी, पाठीवरील आडव्या सुरकुत्या किती मागेपर्यंत गेल्या, असल्या तपशिलांवर निर्णय होतो. अमेरिकेतील वॉल्डो श्मिट याने 1935 मध्ये पोर्टोरिकेन्सिस, ब्राझिलिएन्सिस, रॅथबनी व बेनेडिक्टी या जाती आणि 1937 मध्ये आफ्रिकेची ऑस्ट्रोआफ्रिकाना ही जाती वेगळी काढली. रॅथबनी हे नाव मेरी रॅथबन या विदुषीच्या गौरवार्थ आहे. 1974 मध्ये कराचीच्या किनाऱ्यावरून कराचिएन्सिस या जातीची भर पडली. आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची नोंद 1965 ची. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात दशपाद प्राण्यांच्या डिंभांवर चिकाटीने काम करणारे के. एन. संकोळी यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक जाती लिनियसच्या एमेरिटसहून निराळी असल्याचे दाखवून दिले आणि लायडन येथील कवचधारी प्राण्यांचे थोर अभ्यासक लिप्के होल्ट्‌हुइस यांच्या स्मरणीय कार्यास मान देऊन तिचे नाव एमेरिटा होल्ट्‌हुइसी असे ठेवले. ज्या वाळूवरून आपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलो, तीत पायाखाली असलेल्या प्राण्याचे अचूक नाव ठरण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि ते काम येथेच राहून येथील माणसाने केले, ही गोष्ट माझ्या मते शाळेच्या क्रमिक पुस्तकात यावयास हवी.

नर-मादीतील भेद हा जातिभेदांहून ठळक. मादीच्या उदरावर प्लवपादांच्या तीन जोड्या असतात व त्यांवर अंडी वाहिली जातात. नरास हे प्लवपाद नसतात. मादीचे जननछिद्र तिसऱ्या पायाच्या मुळाशी, नराचे पाचव्या पायाच्या मुळाशी. आकारात तर विलक्षण तफावत. ॲनालोगाची मादी साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर तिच्या निम्म्याच्या आसपास थांबतो. आणि काही जातींत तर तीन-चार मिलिमीटरचा नर, समुद्रातून किनाऱ्यास लागल्यावर फारसा न वाढताच प्रौढ होतो व मादीच्या अंगास, तिच्या पायांच्या मुळांजवळ, चिकटून राहतो. जेथे प्रत्येक लाट सोबत्यास दूर फेकून देऊ शकते, तेथे चिकटून राहण्याचे मोल किती असेल याची कल्पना करता येते. मद्रास विद्यापीठातील टी. सुब्रमण्यम यांनी मद्रासच्या किनाऱ्यावर एमेरिटा एशियाटिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेकड्याचा दीर्घकाळ अभ्यास करून 1981 मध्ये असे दाखविले की त्यातील नर वाढता वाढता पुढे मादी होतो. म्हणजे एकच व्यक्ती आयुष्याच्या पूर्वार्धात पिता व उत्तरार्धात माता होऊ शकते. लहान देहास शुक्रबीज परवडते, अंड्यांचा भार मोठ्या देहासच पेलतो, एवढे लक्षात घेतले म्हणजे या व्यवस्थेतील शहाणपण कळते.

अंडी प्रारंभी तेजस्वी नारिंगी असतात. आतील पीतक जसजसे गर्भाच्या पोषणात खर्ची पडते तसतसा रंग फिका, मातकट होत जातो आणि शेवटी अंड्याच्या भिंतीतून गर्भाचे काळे डोळे दिसू लागतात. मोठी मादी एका वेळी हजारो अंडी वाहते. ॲनालोगाच्या बाबतीत हा आकडा 45,000 पर्यंत जातो. भाल्याच्या पात्यासारखा पुच्छखंड या अंड्यांवर झाकणासारखा बसतो, वाळूच्या घर्षणापासून त्यांचे रक्षण करतो. खोदकामाच्या वेळी अंडी खरवडून का निघत नाहीत याचे उत्तर येथे मिळते.

अंड्यातून निघणारा झोइया हा डिंभ आईशी कोणतेही बाह्य साम्य दाखवीत नाही. वाटोळे, पारदर्शक कवच, पुढे एक लांब काटा, बाजूंस दोन काटे, आणि वास्तव्य वाळूपासून दूर, उघड्या समुद्रातील प्लवकांत. ॲनालोगाचा झोइया पाच वेळा रूप पालटतो आणि या प्रवासात सुमारे चार महिने जातात. त्यानंतर मेगालोपा ही अवस्था येते, जिचे आईशी साम्य दिसू लागते, आणि तीच किनाऱ्याच्या वाळूत प्रथम रुतते. चार महिने प्रवाहांच्या हवाली असलेला जीव किती दूर जाऊ शकेल याचा अंदाज केला, म्हणजे या प्रजातीच्या वाटणीतील एक कोडे काहीसे समजते. एमेरिटा ॲनालोगा ही जाती उत्तरेकडे अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंत आढळते आणि मग, मधला सारा उष्ण किनारा सोडून, थेट पेरू व चिलीच्या थंड किनाऱ्यावर पुन्हा आढळते. मधल्या उष्ण मुलखाची मालकी रॅथबनी या दुसऱ्या जातीकडे आहे. एकाच जातीची ही दोन टोके एकमेकांपासून कशी तुटली, की तुटण्याऐवजी कधी काळी थंड प्रवाहाच्या आधाराने एका टोकावरून दुसऱ्या टोकास गेली, हा प्रश्न केवळ देहाकृतीच्या तपासणीने सुटण्यासारखा नव्हता.

म्हणून अलीकडे या प्रजातीचे दप्तर तिसऱ्यांदा उघडले गेले, या वेळी पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या आधारे. हेय, टॅम व कॉर्नफील्ड या अभ्यासकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे निघाले की नव्या जगातील सगळ्या जाती मिळून एकच शाखा होत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची ॲनालोगा ही आपल्या अमेरिकन शेजारणींपेक्षा जुन्या जगातील, म्हणजे हिंदी महासागराच्या बाजूच्या, जातींना अधिक जवळची दिसते. कवचाच्या दंतांवरून अथवा पहिल्या पायाच्या टोकावरून हे नाते कोणास सुचले नसते. आता होल्ट्‌हुइसीचे व कराचिएन्सिसचे स्थान या वंशवृक्षात नेमके कोठे, एमेरिटसच्या नावाखाली अरबी समुद्रापासून पूर्वेकडील बेटांपर्यंत मांडलेले सारे नमुने एकाच जातीचे आहेत काय, हे प्रश्न पश्चिम किनाऱ्यावरील वाळूतूनच सोडवावयाचे आहेत. आणि त्यासाठी लागणारी सामग्री वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत कोणत्याही ओहोटीच्या वेळी, परत फिरणाऱ्या लाटेच्या कडेवर ओंजळभर वाळू उपसण्यापुरतीच दूर आहे.